उन्हाळ्याची बेगमी आणि तासांची वही

गावोगावच्या बचत गटांतल्या सगळ्या ताया, माम्या, काकू आणि सासवा-सुनांनो, आम्ही घाटकोपरहून बोलतो आहोत. आम्ही पाचजणी एका जुन्या चाळीत राहतो. कुणाचं माहेर जुन्नरचं, कुणाचं संगमनेरचं, एकीचं चिपळूणचं. गाव सुटलं, पण चैत्र लागला की हात सोऱ्या शोधायला लागतात, ती सवय काही सुटली नाही. यंदाचा उन्हाळा आम्ही कसा घालवला, काय केलं, काय वाचवलं आणि कष्टाचा हिशेब कसा मांडला, ते आज सांगणार आहोत.

तुम्हाला वाटेल, मुंबईत सगळं दुकानात मिळतं, वाळवण कोण घालत बसतं? पण उपनगरांत एप्रिल-मे महिन्यात फिरून बघा. मुलुंड, भांडुप, बोरिवलीच्या चाळींच्या गच्च्यांवर अजून पांढऱ्या कापडावर पापड दिसतात. डंखावर मिरच्यांची पोती घेऊन बायांची रांग लागते. बेडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला, असं प्रत्येकीचं वेगळं प्रमाण. अंधेरीच्या नि बोरिवलीच्या जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन बाया याच दिवसांत वर्षाचा बाटली मसाला करतात. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवून, भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटलीत दाबून भरतात. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांची सोय आधीच करावी लागते. म्हणजे बेगमी फक्त शेतकऱ्याच्या घरात होते असं नाही. जिथे पावसाळा यायचा आहे आणि हातात पैसा कमी आहे, तिथे बाईच्या डोक्यात ती असतेच.

आमच्याकडे एक अडचण मात्र मोठी, ती म्हणजे हवा. मुंबईत ऊन असतं, पण हवेत दमटपणाही असतो. तुमच्याकडे नगर, बीड, जळगावला कुरडई एका कडक उन्हात खडखडते. आमच्याकडे तिला तीन-तीन दिवस लागतात, आणि संध्याकाळी उचलायला विसरलं की रात्रीच्या दमट हवेत पुन्हा मऊ पडते. त्यात गच्ची पाच बिऱ्हाडांची मिळून एक, कबुतरं भरपूर आणि रस्त्याच्या कामांची धूळ. म्हणून आम्ही वाळवणावर पातळ मलमलचं कापड ताणून बांधतो आणि खाली वर्तमानपत्र कधीच घालत नाही. त्याची शाई ओल्या पदार्थाला लागते. जुनी सुती साडी दोनदा उकळत्या पाण्यातून काढून घेतली की झालं.

पोरांना सुट्टी, त्यामुळे राखणीचं काम त्यांचं. यात मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही. सकाळची पाळी मुलग्यांची, दुपारची मुलींची, आणि पुढच्या आठवड्यात उलट. बदल्यात चीक शिजला की पहिली वाटी राखणदाराची. गरम चिकावर तूप-साखर मिळणार म्हटल्यावर गच्ची सोडून कुणी हलत नाही.

कुरडईची रीत तुम्हाला आमच्याहून चांगली येते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, आणि पहाटे जेवढा चीक तेवढंच पाणी उकळून, मीठ-हिंग घालून, गुठळी न होऊ देता घोटायचा. पहाटे चारला उठायचं कारण असं की सूर्य वर यायच्या आत कुरडया कापडावर पडल्या पाहिजेत. उरलेला चोथा गावाकडे गाई-म्हशींना जातो. आमच्याकडे गाय कुठली? आम्ही त्यात तिखट, मीठ, जिरं घालून भुसवड्या घातल्या. काही वाया गेलं नाही.

याच दिवसांत बाकीची कामंही काढली. जुन्या साड्या आणि धोतरं जोडून तीन गोधड्या शिवल्या, कारण जूनमध्ये गळतीच्या रात्री अंथरूण कमी पडतं. मोडक्या छत्र्यांचं कापड काढून त्याच्या पिशव्या केल्या, पाणी आत जात नाही. पोरांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढली, दाभणाने शिवली, आठ नवीन वह्या झाल्या. चाळीतल्या सगळ्या मुलांची क्रमिक पुस्तकं गच्चीवर मांडली आणि वरच्या वर्गातल्याने खालच्याला दिली. गणवेशाची शिवण उसवून दोन बोटं लांबी वाढवली. जूनचा खर्च एकदम अंगावर येतो. फी, पुस्तकं, रेनकोट, चप्पल, वर्षाचं धान्य, सगळं एकाच महिन्यात. तो महिना हलका करायचा, हा उन्हाळ्यातल्या कामांचा खरा हेतू.

आता मुख्य गोष्ट. यंदा आमच्यातल्या एकीची लेक दहावी झाली. तिला अकरावीला शास्त्र शाखेत जायचं आहे. घरात बोलणी चालली होती की खर्च झेपेल का, की तिने एखाद्या दुकानात कामाला लागावं. त्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने विचारलं, "ताई, कुरडया द्याल का? किलोला २४० देतो. घरच्या घरी तर करता, वेळही जातो तुमचा." पाहुणे, पोरं, पाणी, स्वयंपाक सांभाळून पहाटे चारला उठणाऱ्या बाईला कुणी "वेळ जातो" म्हटलं की काय वाटतं, ते तुम्ही जाणता. आम्ही लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दोन दिवस मागून घेतले आणि वही काढली.

दहा किलो गव्हाचा हिशेब असा आला. गहू ४०० रुपये. दळण-वाटण ६०. गॅस १५०. मीठ, हिंग, तेल ४०. पिशव्या ५०. एकूण ७०० रुपये. वाळून कुरडई भरली पाच किलो. २४० च्या भावाने पाच किलोचे १२०० झाले. खर्च वजा जाता ५०० उरले. दुकानदाराचं गणित इथे संपतं, आणि बहुतेक घरांतलंही इथेच संपतं.

आम्ही पुढे तास लिहिले. वाटून चीक काढायला तिघीजणी दोन तास, म्हणजे सहा. घोटायला आणि पाडायला चौघी तीन तास, म्हणजे बारा. उलटणं, उचलणं, झाकणं मिळून चार. निवडून पिशव्या भरायला दोन. एकूण चोवीस तास. ५०० ला २४ ने भागा. तासाला एकवीस रुपयेसुद्धा पडत नाहीत.

मग आम्ही उलटीकडून हिशेब केला. आपला तास पन्नास रुपयांचा धरायचा. चोवीस तासांचे १२००, त्यात ७०० खर्च मिळवला, १९०० झाले. पाच किलोने भागलं, किलोला ३८० रुपये. हा आमचा भाव. दुकानदाराला सांगितला, त्याला परवडला नाही. भांडण नाही, त्याचं त्याच्यापाशी. आम्ही अर्धा किलोच्या पिशव्या केल्या, किंमत १९०, आणि समोरच्या इमारतींमधल्या नोकरी करणाऱ्या बायांना थेट विचारलं. त्यांना गच्ची नाही, वेळ नाही, पण कुरडई हवी आहे. काहींनी महाग म्हटलं आणि घेतली नाही. काहींनी अर्ध्या किलोची पिशवी नेली आणि आठ दिवसांनी परत आल्या.

एकूण तीस किलो गहू लागले, पंधरा किलो कुरडई झाली. बारा किलो विकली, त्याचे ४५६० आले. खर्च २१०० जाता २४६० उरले. दुकानदाराला तेवढीच बारा किलो दिली असती तर खर्च जाता ७८० उरले असते. राहिलेली तीन किलो आम्ही घरी ठेवली, प्रत्येकीला सहाशे ग्रॅम. पण तीही फुकट धरली नाही. सहाशे ग्रॅमचे २२८ रुपये प्रत्येकीच्या नावावर टाकले आणि तिच्या तासांच्या मजुरीतून वजा केले. असं केल्यावर बहात्तर तासांचे तासाला पन्नास रुपये बरोबर बसले. जिने जास्त तास दिले तिला जास्त. गोड बोलून सारखी वाटणी केली असती तर आतून कुणीतरी नाराज राहिलं असतं.

हे पैसे मोठे नाहीत, हे आम्हालाही कळतं. कुरडईवर पोरीचं सगळं शिक्षण होत नाही. पण कुरडई, पापड, लोणचं आणि मसाला मिळून तिच्या आईच्या हाती जे आलं, त्यातून पुस्तकं आणि लोकलचा पहिला पास निघाला. त्याहून मोठं म्हणजे वही घरात सगळ्यांनी वाचली. बापाने तासांची रकानी बोटाने मोजली आणि म्हणाला, प्रवेशाचा अर्ज भरून टाका, बाकीचं मी बघतो. पोरगी शास्त्र शाखेला अर्ज भरून आली आहे.

बायांच्या कामाचे तास मोजणं ही आमची टूम नाही. सरकारनेही २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातलं बिनपैशाचं काम करणाऱ्या बायांचे त्यात रोजचे सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. आपल्या पाठीला हे आधीच माहीत होतं, आता ते कागदावर आहे.

आणि गच्चीवरून काय उभं राहू शकतं, याचा दाखला मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे लिज्जत पापड. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि पावसातही काम चालू. तिथे काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण असते. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आणि १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या बाया रस्त्यावर उतरल्या, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या, तेव्हा बायांच्या हातात लाटणीच होती. लाटण्याची किंमत आपण कमी धरू नये.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्याकडे कोरडं ऊन आहे, अंगण आहे, गहू घरचा आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक आहे. आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आहे. नव्या इमारतीत गच्ची कुणाला वापरू देतील, अजून कुणी सांगत नाही. कदाचित पुढच्या चैत्रात आम्हाला कापड पसरायला जागा नसेल. तेव्हा तुम्ही वाळवा आणि आम्ही विकू, असं का करू नये? त्यासाठी चार गोष्टी आधी करा. अन्न सुरक्षा कायद्याखाली गटाची नोंदणी करून घ्या, थोडा माल विकायचा असला तरी ती लागते. पिशवीवर घटक, वजन आणि तयार केल्याची तारीख लिहा. एकाच प्रतीचा माल द्या, एक पिशवी चांगली आणि एक मऊ असं नको. आणि भाव सांगण्याआधी तास लिहा. दमलेल्या बाईला रात्री आकडे आठवत नाहीत, म्हणून वही आणि पेन्सिल चुलीजवळच्या खिळ्याला टांगून ठेवा आणि काम उरकलं की लगेच लिहा. लिहिता न येणाऱ्या आजीने प्रत्येक तासाला एक रेघ ओढली तरी चालेल. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी यंदा तेच केलं, आणि सगळ्यांत जास्त रेघा त्यांच्याच निघाल्या.

पाऊस तोंडावर आला आहे. डबे कोरडे करून झाकणं घट्ट लावा. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू देऊ नका. तुमच्या गटाने यंदा काय केलं आणि तासाला किती पडले, ते रेडिओ केंद्रावर जरूर कळवा. आम्ही वाट बघतो.