तबस्सुम आणि दूरदर्शनची मक्तेदारी

१९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मधून तबस्सुम २१ वर्षे सिनेकलावंतांशी गप्पा मारीत राहिल्या. त्यांच्या लौकिकात मक्तेदारीचा वाटा मोठा होता. प्रेक्षकाला दुसरा पर्यायच कोठे होता? परंतु तेवढ्याने हिशेब मिटत नाही. मक्तेदारी संपल्यावरही, २०२२ मध्ये निधन होईपर्यंत, जुन्या चित्रपटांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकायला लोक यूट्यूबवर येत होते. पाहुण्याला अडचणीत आणणारे प्रश्न त्या सहसा विचारीत नसत. तसा आवही आणीत नसत. जाब विचारायचा तो सरकारी माध्यमाला. १९९२-९३ साली येथून जवळच, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. त्यांच्या आईबापांसाठी त्या माध्यमाने तशी ऐसपैस खुर्ची कधी मांडली?