कायद्यातील लॅटिन शब्द आणि आपण

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी कोर्टकचेरीचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. परंतु सीमाभागातील माणसाला ती पायरी टाळता आलेली नाही. शेताचा बांध आणि घराचा हिस्सा यांची भांडणे सर्वत्रच असतात. आपला मुलूख कोणत्या राज्यात असावा, हा आपला प्रश्नही अखेर न्यायालयातच जाऊन पोहोचला. म्हणून तेथे उच्चारल्या जाणाऱ्या काही लॅटिन शब्दांचा अर्थ आज आपण पाहू.

दावा, फिर्याद, वकील हे शब्द अरबी-फारसीतून आले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी हे शब्द टिकले आणि पुढे आपलेच झाले. लॅटिन शब्दांचे तसे झाले नाही. इंग्लंडात न्यायालयांची दप्तरे लॅटिनमध्ये लिहिली जात. पार्लमेंटच्या कायद्याने १७३३ पासून ती प्रथा थांबली. शब्द मात्र मागे उरले आणि इंग्रजी अमलाबरोबर आपल्याकडे आले. निपाणीकडील मराठी शेतकऱ्याला ते इंग्रजीच्या किंवा कन्नडच्या आडून ऐकावे लागतात. अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचेतो पुष्कळदा तारीख निघून गेलेली असते.

'एक्स पार्टे' म्हणजे एका बाजूने. आपण त्याला एकतर्फी म्हणतो. समन्स आले, पण भाषा कळली नाही म्हणून ते फडताळात पडून राहिले, की दावा एकतर्फी चालतो. असा हुकूमनामा झाला म्हणजे सारे संपले, असे समजून माणसे घरी बसतात. वास्तविक समन्स रीतसर बजावले गेले नसेल, किंवा गैरहजेरीला पुरेसे कारण असेल, तर तो हुकूमनामा रद्द करून घेण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. मात्र त्यासाठी मुदतीत अर्ज केला पाहिजे.

'कॅव्हेट' याचा शब्दशः अर्थ 'त्याने सावध असावे'. 'माझे ऐकल्यावाचून आदेश देऊ नये' अशी ही आगाऊ सूचना ९० दिवस टिकते. पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते, हे अनेकांना ठाऊक नसते.

'स्टेटस को' याला मराठीने 'जैसे थे' असा सुरेख प्रतिशब्द दिला. पण या सुरेखपणातही एक खाच आहे. शेजाऱ्याने काल बांध कोरला आणि आज न्यायालयाने 'जैसे थे' आदेश दिला, तर साधारणपणे आजची, म्हणजे बांध कोरल्यानंतरची, स्थिती कायम राहते. तंट्यापूर्वीची स्थिती हवी असेल, तर 'स्टेटस को आन्टे' असे स्पष्ट मागावे लागते. 'आन्टे' म्हणजे पूर्वीची. त्या एका शब्दावाचून हातभर जमीन जाऊ शकते.

आता शेवटचा शब्द, 'सब ज्युडिसे'. सब म्हणजे खाली, ज्युडिसे म्हणजे न्यायाधीशाच्या. आपण त्याला न्यायप्रविष्ट म्हणतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावसह हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १९६७ च्या महाजन अहवालाने बेळगाव तेथेच ठेवावे आणि निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचविले. तो अमलात आला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने राज्यघटनेच्या १३१ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यानंतर दोन दशके उलटली. या काळात 'प्रश्न न्यायप्रविष्ट आहे' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले, की त्याचा अर्थ 'आता काहीच करता येत नाही' असाच आपल्या मनात रुजला.

हा अर्थ चुकीचा आहे. न्यायाधीशापुढे आहे तो सीमेचा प्रश्न. आपले इतर हक्क तेथे गहाण पडलेले नाहीत. ३५० व्या अनुच्छेदाप्रमाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ३५०-क सांगतो. निकाल कोणताही लागो, ही कलमे सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच लागू आहेत. दावा चालू असताना ती स्थगित होत नाहीत. आपणच ती वापरायची थांबलो, तर तो दोष लॅटिनचा नव्हे.

इंग्लंडने १९९९ मध्ये आपल्या दिवाणी नियमांतून असे बरेच शब्द काढले आणि तेथे साधी इंग्रजी आणली. आपल्याकडे ते होईल तेव्हा होवो. तोवर वाचनालयाला एक विनंती आहे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश आणि राज्यघटनेची मराठी प्रत कपाटात कुलूपबंद न ठेवता वाचनकक्षातील मेजावर ठेवावी. समन्स हातात घेऊन आलेल्या माणसाला तेथे बसून दोन शब्दांचा अर्थ पाहता आला, तर या संस्थेच्या शंभर वर्षांच्या सेवेत आणखी एका सेवेची भर पडेल.