कपाटासाठी कोण रस्त्यावर आला?



संमेलनाच्या अध्यक्षाने गोड बोलावं अशी आपली रीत. मला ते जमणार नाही, कारण ज्यांच्याशी भांडायचं आहे त्यांतले निम्मे समोरच बसले आहेत.

पेडण्यातली ही केरी म्हणजे जिवबादादा केरकरांचा गाव. महादजी शिंद्यांचे बक्षी, १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे सेनानी. त्यांचं नाव घेतलं की इथे टाळ्या पडतात. पण विर्नोड्याच्या कॉलेजातली एखादी मुलगी उद्या म्हणाली, मला जिवबादादांच्या काळची केरी अभ्यासायची आहे, तर तिला कुठल्या कपाटापाशी नेऊन उभी करणार तुम्ही?

जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात, ग्रंथ जाळले गेले. १६८४ साली कोंद द आल्व्होर या व्हाइसरॉयने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोला असं फर्मान काढलं. हे आपण दर संमेलनात ऐकतो आणि रक्त तापवून घेतो. पण पेडणं पोर्तुगिजांकडे गेलं ते १७८८ साली. डिचोली आणि सत्तरी त्याआधी जेमतेम सहा-सात वर्षं. इथल्या धर्माला आणि चालीरीतींना हात लावणार नाही, असं त्यांना कबूल करावं लागलं होतं. म्हणजे आपल्या पोथ्या, सनदा, देवस्थानांच्या वह्या, भाटकारांच्या मोडीतल्या जमाखर्चाच्या चोपड्या जाळायला कोणी आलं नाही. मग त्या गेल्या कुठे? काही वाळवीने खाल्ल्या, काही गळक्या कौलांखाली कुजल्या. आणि फाटकी पोथी घरात ठेवू नये म्हणून बाकीच्या आपणच श्रद्धेने नदीत सोडल्या. इन्क्विझिशनला दोष देताना हा हिशेबही मांडा.

आता तर घरंच विकली जात आहेत. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला आणि पडक्या घरालाही गिऱ्हाईक आलं. सौद्याआधी पितळेची भांडी मोजली जातात, सागवानी खांब मोजले जातात. माळ्यावरचं गाठोडं भंगारवाल्याला देतात. कोणाचा कूळहक्क, कोणाची मुंडकारी, कोणत्या देवाच्या पालखीला कोणाचा खांदा, हे सगळं त्या गाठोड्यात असतं.

आता विद्यापीठाकडे येतो. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. पिसुर्ल्याचा, म्हणजे सत्तरीचा हा माणूस. पणजीच्या पुराभिलेखागारात तीस वर्षं पोर्तुगीज कागद उपसून त्याने मराठ्यांचा इतिहास बाहेर काढला. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १९६७ साली छापला पुणे विद्यापीठाने. पिसुर्लेकरांना माझा साष्टांग नमस्कार. पण त्यांनी समोरच्या पक्षाचे कागद वाचले, कारण सरकारी दप्तरात तेच नीट लावून ठेवलेले होते. आपल्या बाजूचे घराघरांत विखुरले होते, आणि ते गोळा करायची जबाबदारी विद्यापीठ आपली मानत नाही. मोडी वाचणाऱ्या माणसाला तिथे कायमची खुर्ची द्या, मग प्रादेशिक अभ्यासाच्या गोष्टी करा.

परदेशातल्या संस्थांनी काय केलं ते पाहा. रामायण-महाभारताच्या कथा जेझुइटांनी रोमी लिपीत उतरवून घेतल्या. ती मराठी-कोंकणी हस्तलिखितं आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत आणि ते ग्रंथालय मिन्यो विद्यापीठाचं आहे. फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत, मार्सडेन संग्रहात सापडली. १९६२ पासून अमेरिकेने पी. एल. ४८०च्या, म्हणजे आपण खाल्लेल्या गव्हाच्या पैशांतून मराठी पुस्तकं विकत घेऊन स्वतःच्या विद्यापीठांत पोचवली. बर्कलेला १९६९ साली विद्यार्थ्यांनी संप केला. काळ्यांचा, मेक्सिकनांचा, आशियाईंचा, मूळनिवासींचा इतिहास शिकवा, ही मागणी त्यांनी लाठ्या खाऊन मान्य करून घेतली. तिथे विभाग निघाला आणि विभागाबरोबर संग्रह उभे राहिले.

आपणही रस्त्यावर आलो होतो. राजभाषा मराठी की कोंकणी, या वादात आलो. १९८७चा कायदा झाला, त्यावरून आजही एकमेकांची तोंडं न बघणारी घरं आहेत. त्या भांडणात दोन्ही बाजू पुराव्याचा आव आणत होत्या. पुरावा मात्र उंदीर खात होते. कपाटासाठी कोण रस्त्यावर आला? कोंकणीचे कैवारी शणै गोंयबाब यांना आपल्यातले काही अजून शिव्या देतात. हा माणूस डिचोलीत जन्मला. त्यांचा कागद सापडला तर मराठीवाल्यांनीच तो आधी जपून ठेवावा, असं मी म्हणतो. नाराज व्हायचं असेल त्यांनी खुशाल व्हावं.

आणखी एक. कागद गोळा करायचे म्हटलं की सगळे वाड्याकडे धावतात. वाड्याचे कागद हवेतच, पण त्यात धनगर कुठे येतो? देणेकरी म्हणून. महार येतो वेठीच्या यादीत. याउलट पाहा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आपल्या पेडण्याचे. ते ज्या गोमंतक मराठा समाजातून आले, त्या समाजाने मुंबईत स्वतःचं मासिक चालवलं, स्वतःचं दप्तर जपलं. राजाराम पैंगीणकरांनी ‘मी कोण?’ म्हणून आत्मचरित्र लिहिलं. त्या दप्तरावर २०२३ साली इंग्रजीत ग्रंथ आला, तो अंजली अरोंदेकरांचा, अमेरिकेतल्या विद्यापीठातून. इथल्या विद्यापीठाला तो विषय आधी का सुचला नाही? पेरणी जागराचे लाकडी मुखवटे, दशावताराचे न लिहिलेले संवाद, धालोची गाणी यांना कागदच नाही. तिथे माणसाच्या तोंडून ध्वनिमुद्रण करायला हवं, आणि ती माणसं थकली आहेत.

विद्यापीठाला कागद द्यायला लोक घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. जमिनीच्या कज्जात आपलाच कागद आपल्यावर उलटेल ही भीती खोटी नाही. म्हणून माझ्या अटी ऐका. मूळ कागद घरमालकाचाच राहील. विद्यापीठाने गावात येऊन नकला कराव्यात, देणाऱ्याच्या नावाने नोंद करावी, चालू दाव्यातला कागद मालकाच्या संमतीवाचून उघडा करू नये, आणि एक संच पेडण्यात ठेवावा. पणजीजवळच्या ताळगाव पठारावर विद्यापीठाचं कपाट भरलं म्हणून केरीच्या मुलीला बस बदलत जायला लावू नये.

आयोजकांनी आज संमत करायला दिलेले ठराव माझ्या हातात आहेत. सगळे मराठीच्या सन्मानाचे आहेत. मी ते मांडणार नाही. त्याऐवजी दारापाशी एक वही ठेवायला सांगितली आहे. ज्यांच्या घरी मोडीतला एकही कागद आहे, त्यांनी जेवायला बसण्याआधी तिच्यात नाव, गाव आणि वाडा लिहावा. देवस्थानांच्या महाजनांनी तर आधी लिहावं.