ऑक्सिजन चेंबरमध्ये बसण्याआधी जखमेचं नाव विचारा

मी बेंगळुरूत त्वचारोगतज्ज्ञ आहे. बेळगाव, हुबळी, सोलापूरकडून येणारे मराठी रुग्ण मला हमखास विचारतात, "डॉक्टर, पायाची जखम भरतच नाही. ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसलो तर भरेल का?"

मी आधी विचारते, जखम कसली आहे? कारण पायोडर्मा गँग्रिनोसम नावाचा एक आजार आहे. 1930 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हे नाव दिलं, पण ते फसवं आहे. हा जंतुसंसर्गही नाही आणि गँगरीनही नाही. आपलीच प्रतिकारशक्ती कातडीवर उलटते. साधी पुळी येते आणि काही दिवसांत तिची जांभळट कडेची, प्रचंड दुखणारी जखम होते. बऱ्याच रुग्णांना आतड्याची सूज, संधिवात किंवा रक्ताचा आजारही असतो.

खरा धोका पुढे आहे. गँगरीन समजून ही जखम कापली, खरवडली, तर ती आणखी पसरते. म्हणून संसर्ग, कर्करोग, रक्तवाहिन्यांचे आजार नाहीत ना, हे तपासून निदान करावं लागतं. मुख्य उपचार म्हणजे स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन, काहींना इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं. ती देण्याआधी क्षयाची तपासणी हवीच.

मग चेंबरचं काय? हे शास्त्र पाणबुड्यांच्या उपचारातून वाढलं. आपल्या बेंगळुरूतही वायुदलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था 1957 पासून हवेच्या दाबाचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासते आहे. चेंबरमध्ये साधारण 2 ते 2.5 पट दाबाखाली, सुमारे 90 मिनिटं शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा; अशा अनेक बैठका होतात. एरवी 100 मिलिलिटर रक्तात जेमतेम 0.3 मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. 3 पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तो 6 मिलिलिटरच्या आसपास जातो. त्यामुळे रक्तपुरवठा कमी पडलेल्या भागालाही ऑक्सिजन मिळतो, नव्या केशवाहिन्या फुटायला मदत होते. शिवाय कुठे काप घ्यावा लागत नाही, आणि या आजारात तेच महत्त्वाचं.

पण पुरावा किती? मधुमेही पायाच्या काही जखमांसाठी हा उपचार मान्य आहे. पायोडर्मासाठी मात्र एकेका रुग्णाचे आणि लहान गटांचे अनुभवच प्रसिद्ध झाले आहेत. त्यातही औषधं चालूच होती. म्हणजे चेंबर हा जोड उपचार आहे. त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका.

जोखीमही आहे. कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, क्वचित झटका येतो. फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल, तर आधी तिचा उपचार. आत काडेपेटी, मोबाइल, तेलकट मलम न्यायचं नाही.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: माझ्या जखमेचं नाव काय? दाब किती? औषधं कोण सांभाळणार? फुगवायच्या पिशवीसारख्या चेंबरमध्ये दाब सहसा 1.3 पटच असतो. तो हा उपचार नव्हे. आणि निदान होण्याआधी कुणी "कापून टाकू" म्हणालं, तर त्वचारोगतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.