उसाच्या दरातली निवडणूक



पुणे-सोलापूर रस्त्यावर पाटस लागतं. टोलनाका, रेल्वे स्टेशन आणि भीमा सहकारी साखर कारखाना. हंगाम सुरू झाला की इथल्या टपरीवर चहापेक्षा दराची चर्चा गरम असते. पहिली उचल किती, दिवाळीला किती सुटणार? अन् निवडणुकीचं साल असलं की कोपऱ्यातून हमखास आवाज येतो, "यंदा दर बसणार." सगळे हसतात. पुरावा कुणाकडेच नसतो.

तो पुरावा संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञानं शोधला. 2012 मध्ये त्यांचा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. विषय मात्र आपलाच: महाराष्ट्रातले 183 साखर कारखाने, 1993 ते 2005 या काळातले. त्यांपैकी 101 कारखान्यांचे चेअरमन त्या वर्षांत कधी ना कधी विधानसभेला किंवा लोकसभेला उभे राहिलेले.

आता, निवडणुकीसाठी कारखान्याचे पैसे खाणारा काही पावती ठेवत नाही. वजनकाट्यावर थोडं मारलं, साखरेचा उतारा कमी दाखवला, खरेदीचं बिल फुगवलं, तर ते बाहेरच्याला दिसणार कसं? सुखटणकर त्या वाटेला गेलेच नाहीत. पैसा जिथं पोचायला हवा होता तिथं त्यांनी पाहिलं, म्हणजे शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या टनामागच्या दरात. साखरेचा भाव पडला तर उसाचा दर सगळ्यांचाच पडतो. इथं तसं नव्हतं. राजकारण्यांच्या ताब्यातले कारखाने निवडणुकीच्या वर्षी कमी दर देत होते. हा निष्कर्ष पुष्कळ कारखान्यांच्या सरासरीचा आहे, हे लक्षात ठेवा. पाटसच्या किंवा दुसऱ्या कुठल्या एका कारखान्याकडे त्यावरून बोट दाखवता येत नाही.

मला स्वतःला निबंधातला पुढचा भाग जास्त अस्वस्थ करतो. चेअरमन निवडून आला तर सभासदांना नंतर भरपाई मिळत असावी, असं सुखटणकर सुचवतात. म्हणजे आपला शेतकरी भोळा म्हणून गप्प बसत नाही. तो हिशेब घालतो. आपला माणूस मुंबईला गेला तर कालव्याचं आवर्तन वेळेवर सुटेल, कारखान्याच्या कर्जाला सरकारची थकहमी मिळेल. शिवाय रागावून जाणार कुठं? तोडलेला ऊस दिवसागणिक वाळतो, वजन घटतं. 1997 पर्यंत तर झोनबंदी होती. हद्दीबाहेरच्या कारखान्याला ऊस घालायची सोयच नव्हती.

 

मी हे सगळं कारखान्याच्या एका जुन्या सभासदाला सांगितलं. ते म्हणाले, "हे कळायला अमेरिकेत जावं लागलं व्हय?"

मी म्हटलं, "नाही हो आबा. दर तर वार्षिक अहवालात छापलेला असतो. तुमच्याच घरी असतील की इतक्या वर्षांचे."

"अहवाल?" आबा हसले. "ते आम्ही सभेत मंजूर मंजूर म्हणतो अन् खुर्चीवरच ठेवून येतो."