बोट, वीत, हात, वाव



भिवंडीत मागावरून उतरलेला ताका मीटरवर मोजतात. पण वीण किती दाट, हे ठरतं इंचावर. जाणकार माणूस कापडावर पिकग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, ठेवतो आणि एका इंचात बाण्याचे धागे किती बसले, ते सुईच्या टोकाने मोजतो. सौदा एकच, मापं दोन; दोघांना मान्य असल्यावर कुणाचं काही अडत नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या किनाऱ्याला ग्रीक मापही लागलं होतं. शेजारचं कल्याण तेव्हा बंदर होतं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा आहे. तगर, म्हणजे आजचं तेर. तिथून भडोचला जाणाऱ्या कापडाचीही त्यात नोंद आहे. सागरी अंतरं लेखक स्टेडियनमध्ये देतो. भडोचच्या वाटेवरचं आखात त्याने 300 स्टेडियन रुंद सांगितलं आहे.

स्टेडियन म्हणजे 600 फूट. पण फूट कुठल्या गावचा? ऑलिंपियाची धावपट्टी सुमारे 192 मीटर भरते, डेल्फीची 177 च्या आसपास. दोन्ही एकेक स्टेडियनच! खलाशाला एवढा फरक चालून जाई, कापड घेणाऱ्याला तो परवडला नसता.

म्हणून ही मापं अंदाजपंचे होती, असं मात्र मला मुळीच वाटत नाही. ग्रीकांकडे 12 बोटांची वीत, 24 बोटांचा हात आणि 96 बोटं म्हणजे हात पसरून होणारी एक वाव. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 12 अंगुळांची वितस्ती, 24 अंगुळांचा हात, 96 अंगुळांचं धनुष्य. हिशेब तंतोतंत तोच! कुणी कुणाकडून उचललं, हे शोधत बसायचं कारण नाही. माणसाचं शरीर दोन्हीकडे सारखंच. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात एक ग्रीक शिल्प आहे: दोन्ही हात पसरलेला माणूस आणि त्याच्या हाताच्या वर कोरलेला पायाचा ठसा. वाव आणि फूट, दोन्ही एकाच दगडावर.

आपल्याकडे 1956 च्या कायद्याने मीटर आला आणि हळूहळू वार, गज मागे पडले. तुमच्या घरी किंवा दुकानात कापड मोजायचा जुना गज असेल, तर तो भंगारात देऊ नका. मुलांकडून तो मीटरपट्टीला लावून मोजून घ्या, आणि आकडा लिहून ठेवा.