दिवसा उडणारा पतंग



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर चढला की तो मजुरीच्या दरावर बोलणार, असे आपण गृहीत धरता. आज मात्र मी एका चिमुकल्या किड्याविषयी बोलणार आहे.

आपल्या मुरगुडात वेदगंगेकाठी उसाच्या रानाला खत म्हणून ताग पेरतात. बियाण्यासाठी राखलेल्या अशाच एका तागाच्या बांधावर एकदांडीच्या फुलांवर तो मला भर दुपारी दिसला. पांढरे पंख, त्यांवर काळे नि तांबडे ठिपके. मी ऐटीत म्हणालो, "फुलपाखरू!" शेजारी खुरपणारी बाई हसली. म्हणाली, "न्हवं अण्णा, तागाच्या शेंगंतली अळी हीच की!"

मी ओशाळलो आणि भिंग घेऊन बसलो. फुलपाखराच्या मिशांची टोके गाठीसारखी जाड असतात. याच्या मिशा दोऱ्यासारख्या होत्या. फुलपाखरू बसताना बहुधा पंख उभे मिटते; याने ते शालीसारखे अंगाभोवती लपेटले होते. म्हणजे हा पतंगच.

मग तो रात्रीची वाट का पाहत नाही? त्याची अळी तागाची पाने आणि शेंगेतले दाणे खाते. तागातले विषारी द्रव्य तिच्या अंगात साठते आणि पंख फुटल्यावरही टिकते. शत्रूला ते रुचत नाही. ठिपके ही त्या विषाची पाटीच. लपण्याची गरज याला कमी.

आता नाव. 1758 साली लिनियसने अशा एका पतंगाला 'पुल्केला', म्हणजे चिमुकली देखणी, असे नाव दिले. आज त्याला युटेथीसा पुल्केला म्हणतात. पण लोट्रिक्स नावाचा त्याचा जुळा वाटावा असा भाऊबंदही आपल्या देशात आहे. नुसत्या नजरेने निवाडा देताना जाणकारही जपून बोलतात. करारातले शेवटचे कलम वाचल्याशिवाय सही करू नये, हे आम्ही कामगारांना शिकवतो. तोच नियम मी स्वतःला लावला. वहीत लिहिले: "युटेथीसा, जात अनिश्चित."

अळी आणि पतंग एकच, हे मात्र निश्चित. ते मला ज्यांनी सांगितले, त्या बाईंचे नाव विचारून मी त्याच पानावर लिहून ठेवले आहे. शोध त्यांचा, भिंग तेवढे माझे.